शिवण पक्की, समास मात्र गेला

इंदूरच्या खजुरी बाजारात पुस्तकांच्या दुकानांमागच्या बोळात एक बाइंडर बसतात. त्यांच्याकडे बाबांचा मालकम दिला होता. सर जॉन मालकमचं मध्य हिंदुस्थानावरचं पुस्तक, दोन खंड, अर्थात नंतरची छपाई. पाठ सुटलेली, फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, लोंबत होते.

काम पक्कं आहे. हल्ली सगळे फेविकॉल फासून मोकळे होतात. यांनी जुजबंदी करून, म्हणजे एकेक फर्मा दोऱ्याने घेत, शिवलं, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातला, पाठीला कापड लावलं. आता पुस्तक टेबलावर सताड उघडं राहतं. दोन्हींचे मिळून नऊशे. आठ दिवसांचे बावीस झाले, पण ते मी धरत नाही.

पुस्तक टाकायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “अंग्रेज की किताब, और इतना सँभालते हो?” मग काय, मास्तरणीची जीभ! सांगितलं, हा स्कॉटलंडच्या डम्फ्रीशरमधला, सतरा भावंडांतला. पोरवयात कंपनीच्या साहेबांनी विचारलं, हैदरअली समोर आला तर काय करशील? म्हणे, मुंडकं उडवीन. घेतला लगेच फौजेत. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला आपल्या होळकरांची फौज मोडली त्यात हाच पुढे, आणि पंधरवड्यात मंदसोरचा तहही यानेच करून घेतला. एवढं करून 1823 साली लंडनला छापलेल्या या पुस्तकात अहिल्याबाईंचं तोंडभरून कौतुक. बाई 1795 लाच गेलेल्या, याने त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं. माळव्यातल्या लोकांना विचारून विचारून लिहिलं, आणि जितकी चौकशी करावी तितका आदर वाढतो असं वर कबूल केलं. बाइंडर म्हणाले, “माँ साहब का है? तो हाथ से ही सिऊँगा.”

शिवलं हातानेच. पण शेवटी कडा सारख्या करायला कटरखाली घातलं. बाबांनी अहिल्याबाईंवरच्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने बारीक टिपणं केली होती, कुठे मालकमशी भांडण, कुठे शंका. उजव्या पानांवरच्या ओळींची शेपटं गेली. एका ठिकाणी आता नुसतं “महेश्वरला विचा” एवढंच उरलंय. काय विचारायचं होतं ते त्याच्या खालच्या ओळीत असावं. तिथे तर दोनच अक्षरं आहेत.

माझे पाचपैकी तीन तारे. पुस्तकात हाताने लिहिलेलं काही असेल तर “कडा कापू नये” अशी चिठ्ठी आत ठेवा, तोंडी सांगून भागत नाही. मी सांगितलं होतं. आणि दुपारी दोन ते चार जाऊ नका, शटर अर्धं असतं.