पोस्टफिक्स: विश्वासू प्रेषकाला वाट द्यायची, पत्त्यावरून की आयपीवरून?

पुरवठादाराचा सर्व्हर एखाद्या ब्लॉकलिस्टमध्ये (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी) अडकला आणि त्याची बिलं परत जाऊ लागली, की पोस्टफिक्समध्ये (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम) त्याला आत घ्यायच्या दोन वाटा दिसतात.

पहिली, 'चेक सेंडर ॲक्सेस'. फाइलमध्ये प्रेषकाचा ईमेल पत्ता किंवा डोमेन, पुढे 'ओके', मग पोस्टमॅप (फाइलचा पोस्टफिक्सला वाचता येईल असा तक्ता करणारी आज्ञा) चालवायचं. पाच मिनिटांचं काम, आणि समोरच्याने सर्व्हर बदलला तरी चालतं. पण 'मेल फ्रॉम'मधला (पाठवणारा सर्व्हर स्वतःच सांगतो तो) पत्ता कुणीही टाकू शकतो. दारावर फक्त नाव विचारून आत सोडण्यासारखं आहे हे. त्यात स्वतःचंच डोमेन टाकणारे महाभागही असतात. स्पॅमवाल्यांना तेच तर हवं असतं.

दुसरी, 'चेक क्लायंट ॲक्सेस'. इथे जोडणी करणाऱ्या सर्व्हरचा आयपी तपासला जातो आणि टीसीपी जोडणीत तो खोटा दाखवणं जवळपास अशक्य. सीआयडीआर तक्ता (आयपींचे पट्टे लिहायची साधी फाइल) वापरला तर पोस्टमॅपही लागत नाही, पोस्टफिक्स रीलोड करणं पुरतं. अडचण एकच: प्रेषक मोठ्या सामायिक मेलसेवेवर असेल तर त्या आयपीवरून इतरही हजारो लोक पाठवतात.

स्वतःचा सर्व्हर असलेल्यांसाठी मी डोळे झाकून आयपी निवडेन. पत्त्याची वाट नाइलाज म्हणून, तीही पूर्ण पत्त्यासाठी, अख्ख्या डोमेनसाठी नाही.

दोन्हींत क्रम महत्त्वाचा. 'ओके' फक्त नियमांच्या त्याच यादीतली पुढची तपासणी थांबवतं. दुसऱ्या यादीतला नकार तरीही लागू होतो. म्हणून ही ओळ 'रिजेक्ट आरबीएल क्लायंट'च्या (ब्लॉकलिस्ट पाहून नकार देणारा नियम) आधी, पण 'रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन'च्या (आपल्या नसलेल्या डोमेनकडे जाणारी मेल नाकारणारा नियम) नंतर ठेवा. २.१० पूर्वीच्या आवृत्तीत हा क्रम चुकला तर सर्व्हर ओपन रिले (कुणाचीही मेल कुठेही पुढे पाठवणारा) होऊ शकतो.