२० ‘एरर’ नाणी, १,२०० रुपये : घेऊन पाहिलेल्याचा अनुभव

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक पॅकिंगसाठी.

एस.टी.त कंडक्टर म्हणून २८ वर्षं काढली. बॅगेतली चिल्लर रोज डेपोत मोजून भरायची, त्यामुळे नाणं आपल्या बोटांना कळतं असा माझा समज. निवृत्तीनंतर टाकसाळीत चुकलेली नाणी जमवायचा नाद लागला तोही त्याच समजापोटी. मोबाइलवर जाहिरात दिसली, ‘२० नाणी, सर्व ओरिजिनल मिंट एरर’. मागवली. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण असले लॉट विकणारा तो एकटा नाही.

नाणी आली मात्र झोकात. प्रत्येक नाणं वेगळ्या होल्डरमध्ये, वर पेनाने नाण्यात कोणती चूक आहे ते आणि किंमत. सोनाराचं दहापट दाखवणारं भिंग आणि छोटा डिजिटल काटा घेऊन बसलो. चहा गार झाला.

सात नाण्यांवर लिहिलं होतं ‘स्टार मार्क’, ‘डायमंड मार्क’, ‘डॉट मार्क’. अहो, ही टाकसाळींची खूण! सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. यात चूक कसली? असली नाणी मी प्रवाशांना परत दिलीत, पोत्याने. आठवं नाणं वैष्णोदेवीचं, २०१२चं. श्राइन बोर्डाला २५ वर्षं झाली म्हणून काढलेलं स्मारक नाणं ते. त्याला लाखो रुपये मिळतात ही आवई अजून चालू आहे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून लोकांना फसवतात, असं रिझर्व्ह बँकेने २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलं, तरीही.

मग दहा रुपयांची दोन नाणी, ‘सेंटर रोटेट’, लॉटमधली सगळ्यात महागडी. बाहेरच्या पिवळ्या कड्यावर ‘भारत’ आणि ‘इंडिया’ सरळ, पण मधल्या पांढऱ्या टिकलीवरचे सिंह दारू प्यायल्यासारखे कललेले. पहिल्यांदा मीही हरखलो. मग डोकं चाललं. कडं आणि टिकली एकात एक बसवून दोन्हीवर छाप एकाच दणक्यात पडतो. टिकली आधी कशीही फिरलेली असली तरी तिच्यावरचं चित्र कड्यावरच्या चित्राशी जुळणारच. ते जुळत नाही म्हणजे टिकली नंतर फिरवली. पालथं करून पाहिलं तर मागचं रुपयाचं चिन्हही तेवढंच कललेलं. भिंगाखाली सांध्यात पिवळट चकाकणारी रेघ दिसली. टाचणीने टोकरली तर डिंकासारखी सुटून आली.

‘लखी’ म्हणून एक रुपया होता. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच छाप बसतो, उलटा आणि आत गेलेला. बाजारात त्याला लखी म्हणतात, आणि अस्सल लखीला चांगले पैसे येतात. यात सिंह उलटे आणि आत गेलेले होते खरे, पण त्यांच्या खाली चेपलेला १ चा आकडा आणि कणसाच्या दोन पाकळ्या दिसत होत्या. खऱ्या लखीत त्या बाजूचा साचा चकतीला लागतच नाही, कारण मध्ये ते चिकटलेलं नाणं असतं. मग १ आला कुठून? सरळ आहे, रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून व्हाईसमध्ये आवळली.

‘कट’वाली दोन नाणीही अशीच. इथे काटा कामाचा नाही, कारण चकतीच तुकडा गेलेली निघाली तर अस्सल नाण्याचंही वजन कमीच भरणार. पाहायचं ते तुकड्याच्या बरोबर समोर. चकती समोरासमोरून दाबून तिचा काठ उचलतात तेव्हा तुटलेल्या जागी दाब बसत नाही, म्हणून समोरचा काठही पुसट राहतो. माझ्या दोन्ही नाण्यांचा समोरचा काठ ठणठणीत, आणि कापलेल्या जागी कानशीच्या तिरप्या रेघा.

‘डबल प्रिंट’ची चार नाणी मला अर्धी फसवून गेली. अक्षरांना सावली आहे, पण ती चपटी, पायरीसारखी, आणि तिने मूळ अक्षराचीच जाडी खाल्लेली. छाप मारताना साचा जरा हलला की असं होतं. घडतं टाकसाळीतच, पण जाणकार त्याला जादा पैसे देत नाहीत. साचाच दुहेरी कोरला गेला असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर उठावाची दिसतात, टोकाशी फुटलेली. चारांत तसं एकही नाही.

एक नाणं पत्र्यासारखं चपटं. मिरजेला लहानपणी रुळावर नाणी ठेवून आम्ही असली डझनभर केली होती. तेव्हा बापाने कान पिळला होता, इथे लेबलवर १५० रुपये.

राहिली दोन, लेबलवर सगळ्यात स्वस्त. एकावर ‘स्क्रॅच’ लिहिलेलं. नखाने चाचपलं तर रेघ आत नाही, वर आलेली. ओरखडा खोल जातो, साच्याला तडा गेला असेल तर धातू त्यात घुसून रेघ उठते. काठापासून कणसापर्यंत गेलेला तडा होता तो. दुसरा मुंबईचा २००२चा रुपया, २५ मिलिमीटर, वजन बरोबर ४.८५ ग्रॅम. लेबलवर नुसतं ‘ओल्ड’. आपलं नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटलं की मागची बाजूही सरळ यायला हवी. याचे सिंह सरळ धरून उलटलं, तर १ आडवा झोपलेला, घड्याळातल्या चारकडे डोकं करून. अखंड नाण्यात हे नंतर कुणाला करता येत नाही, साचाच फिरलेला हवा.

विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, “काका, चूक आहे ना नाण्यात? मग एररच की.” अठरा नाणी परत घ्या म्हटलं, तर नियमात बसत नाही. बोलता बोलता माझ्या तोंडून त्या रुपयाचं निघून गेलं. दोन मिनिटं शांतता. मग स्वतःच म्हणाला, “काका, असं करू, पूर्ण लॉट परत पाठवा, पूर्ण पैसे देतो. फक्त तो रुपया त्यात असू द्या.”

पैसे राहू द्या म्हटलं.