फिल्म कापायचा रोल स्टँड: आठ महिने रोज वापरून आलेला अनुभव

मी पुण्यात बिल्डिंगच्या काचांना फिल्म लावायचं काम करतो, सन कंट्रोल (ऊन अडवणारी), फ्रॉस्टेड (धुरकट), अधूनमधून सेफ्टी फिल्म. शिकलो गाड्यांच्या कामावर, पण 2012 ला सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली आणि आमचे उस्ताद खिडक्यांच्या कामाकडे वळले, त्यांच्या मागोमाग मीही. तेव्हापासून कापायची पद्धत एकच, फरशीवर चादर अंथरायची, रोल उलगडायचा आणि गुडघ्यावर बसून टेप लावत कटर चालवायचा. पाच फुटी रोल असा खाली उलगडला की एक तर धूळ चिकटते नाहीतर उचलताना कोपऱ्याला चुणी पडते, आणि एकदा चुणी पडली की स्क्वीजी (पाणी ओढायची रबरी पट्टी) कितीही मारा ती रेघ काचेवर दिसतेच.

दिवाळीनंतर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून स्टँड बनवून घेतला. दोन बाजूला घडीचे पाय, मध्ये पाइप, तो रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जातो, आणि समोर अॅल्युमिनियमचं चॅनल ज्यात ब्लेडची गाडी सरकते. एवढंच आहे. मोडून व्हॅनमध्ये आरामात मावतो.

आता कापताना फिल्म खाली ओढायची, टेपवर माप आलं की डावा तळवा फिल्मवर सपाट ठेवायचा आणि उजव्या हाताने गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात न्यायची. सर्र असा एकच आवाज यायला पाहिजे. खरखर आली म्हणजे ब्लेड बोथट झालं, तिथेच ब्लेडचं बोथट टोक मोडून नवी धार पुढे घ्यायची, पुढचा कट घ्यायचाच नाही, कारण बोथट ब्लेड फिल्म कापत नाही, फाडतं, आणि कडेला बारीक कुसळं निघतात ती नंतर काचेवर फिल्मखाली सापडतात. वीसेक पीस कापायला पूर्वी दोघांना दीड तास जायचा, आता मी एकटा अर्ध्या तासात मोकळा होतो, तोवर हाताखालचा पोरगा काचा धुऊन घेतो.

पण खरी बचत वेळेपेक्षा मालात झाली, आणि ती स्टँडमुळे लागलेल्या सवयीने झाली. जमिनीवर कापताना एक काच मोजायची, एक पीस कापायचा असं चालायचं. स्टँडवर उभं राहायच्या आधी सगळी मापं कागदावर असावी लागतात, आणि कागदावर आली की डोकं चालतं. बाणेरच्या एका ऑफिसात 14 काचा होत्या, प्रत्येक साडेअठ्ठावीस बाय 46 इंच. मी दोन्हीकडे मिळून एक इंच जास्त धरतो, म्हणजे पीस साडेएकोणतीस बाय 47. रोल 60 इंची. 47 ची बाजू आडवी टाकली तर दर कटला 13 इंचाची पट्टी वाया आणि एकूण 413 इंच रोल जातो. तेच साडेएकोणतीसचे दोन शेजारी बसवले तर 59 इंचात दोन्ही मावतात, सात कट, 329 इंच. 84 इंचाचा फरक, म्हणजे सात फूट रोल, 35 स्क्वेअर फूट माल वाचला, एका कामावर! आणि अशा प्रत्येक पीसला एक बाजू कंपनीची सरळ कड मिळते, ती फ्रेमपासून अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सोडून बसवली की काचेवर तीनच बाजू ट्रिम करायच्या राहतात. ती अर्ध्या सुताची फट ठेवाच, लावताना फिल्मखाली राहिलेलं पाणी तिथूनच निघतं. फक्त रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे आरशासारखी चमकणारी फिल्म असेल तर शेजारशेजारच्या काचांना पीस एकाच दिशेने लावा, एक उभा एक आडवा लावला तर संध्याकाळच्या उन्हात शेड वेगळी दिसते, तिथे माल वाचवायला जाऊ नका.

उभी फाड, म्हणजे रोलच्या लांबीच्या दिशेने कापणं, मात्र या स्टँडवर होत नव्हती. दोन महिने मी मोठा पीस पीव्हीसी शीटवर टाकून पट्टी लावून कापायचो. मग चॅनलवर क्लॅम्प बसवून त्यात एक ब्लेड पक्कं केलं, आता माप लावून फिल्म ओढत गेलं की ती दोन भागांतच खाली येते. हे पहिल्या दिवसापासून करून घ्यायला पाहिजे होतं.

एक नुकसान सांगतो. साधारण तिसऱ्या महिन्यात पीस एका कोपऱ्यात तोकडे पडायला लागले, मला वाटलं खिडक्याच काटकोनात नाहीत, जुन्या सोसायटीत तसं असतंच. चार पीस वाया गेल्यावर एका पीसचे दोन्ही कर्ण मोजले तेव्हा कळलं की चॅनलच पाच फुटात दोन सूत तिरकं झालंय, व्हॅनमधल्या हादऱ्यांनी नट ढिला झालेला. चार पीसचा माल माझ्या खिशातून गेला. आता स्टँड उभा केला की आधी काटकोन तपासायला गुण्या लावतो, पहिल्या पीसचे कर्ण मोजतो, मगच पुढचं. आणि काचेची रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन जागी घेऊन सगळ्यात मोठं माप लिहितो.

थंडीत हवा कोरडी असली की रोलवरून ओढताना फिल्मला स्टॅटिक येतं आणि खोलीतला केस न् केस ओढून घेते, म्हणून स्टँडखालची फरशी ओली करून घेतो, बराच फरक पडतो. जाड सेफ्टी फिल्मला गाडीतलं छोटं ब्लेड अडखळतं, तिथे 18 एमएमचं रुंद ब्लेड लागतं, त्यासाठी गाडी बदलून घेतली. काचेवर ट्रिम करायला मात्र स्टेनलेसचंच ब्लेड वापरतो, कार्बनचं धारदार असतं पण काचेवर ओरखड्याची भीती जास्त.

मोठ्या शोरूमच्या काचांना 72 इंची रोल लागतो तो यावर चढत नाही, तेव्हा पुन्हा चादर अंथरावी लागते. फॅब्रिकेटरला साडेसहा फुटी पाइप आणि चॅनलला डबल नट असं सांगून ठेवलंय, पावसाळ्यात काम थोडं कमी असतं तेव्हा दुसरा बनवून घेणार.