जुनी फोर बाय फोर जीप: दोन पावसाळे काढल्यानंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात ही जीप घेतली. सेकंडहँड, डिझेल, फोर बाय फोर (म्हणजे दांडा टाकला की चारही चाकांना इंजिनचा जोर), पुढं-मागं पाट्यांच्या कमानी (स्प्रिंग). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते या जातीच्या कुठल्याही गाडीला लागू पडतं. घरात सगळ्यांचं मत लहान कार घ्यावी असं होतं. पण आमचं रान साळवणच्या पुढं, आणि डांबरी सुटल्यावरचा शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात बैलालाही नको वाटतो. सोळा महिन्यांत साडेअकरा हजार किलोमीटर झाले.

गाडीबरोबर मिळालेल्या सर्व्हिसच्या पुस्तकात सगळा हिशेब किलोमीटरचा. आमच्याकडं त्या हिशेबाचा उपयोग नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, गगनबावड्यात ५००० च्या पुढं. फुलेवाडी सोडून पन्नासेक किलोमीटर गेलं की गाडीला दुसरंच हवामान लागतं. तिथल्या चिखलातले दोनशे किलोमीटर हायवेवरच्या पाच हजारांना भारी पडतात. हे डोक्यात शिरायला मला हौसिंग, म्हणजे दोन चाकांमधलं गिअर आणि ऑइल असलेलं लोखंडी कवच, उघडावं लागलं.

झालं असं, की पहिल्या जुलैत रानाकडं जाताना रोज एक ओढा ओलांडत होतो. पाणी गुडघ्याच्या खालीच, गाडी आरामात जायची आणि मी खुशीत. ऑगस्टमध्ये मागून घुंईऽऽ असा आवाज यायला लागला. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी मागच्या हौसिंगचा प्लग सोडला आणि खाली चहाच्या रंगाचं पातळ काहीतरी गळायला लागलं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मालक, हौसिंगात ताक घालून आणलाय काय?"

दोष ओढ्याचा नव्हता, माझा होता. हौसिंगच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची तोटी, असते. गाडी पळून हौसिंग तापलं की आतली हवा फुगून तिथून बाहेर पडते. तापलेलं हौसिंग गार पाण्यात बुडालं की हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर चिखलानं बसला असेल तर ती ओढ ऑइल सीलवर येते आणि सीलच्या ओठातून पाणी आत जातं. माझ्या ब्रीदरवर आधीच्या मालकाच्या काळातला चिखल वाळून दगड झाला होता. ऑइल दोनदा बदलून हौसिंग धुतलं, नव्वद नंबरचं ऑइल भरलं, आणि दोन्ही ब्रीदरना रबरी नळी जोडून ती वर चॅसीपर्यंत नेऊन बांधली. बेअरिंग थोडक्यात वाचलं. नळीचा खर्च एका मिसळीच्या प्लेटएवढाही नव्हता. तेव्हापासून पावसाळ्यात दर महिन्याला प्लग किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घेतो. काळसर, चिकट असेल तर ठीक.

ग्रीसचंही तसंच. एका रविवारी पोतं अंथरून गाडीखाली झोपलो आणि ग्रीस भरायच्या तोट्या, म्हणजे निपल, मोजले. बावीस निघाले. त्यातले दोन अंडरबॉडीच्या काळ्या रंगाखाली गाडलेले, एक मोडलेला. म्हणजे आजवर वॉशिंग सेंटरवाल्यानं 'ग्रीसिंग केलंय' म्हणून घेतलेले पैसे कशाचे होते, तो एक प्रश्नच. मग स्वतःची ग्रीस गन घेतली. पहिल्यांदा मी प्रत्येक निपलला दोन दाबे देऊन मोकळा झालो होतो. मिस्त्रींनी ते पाहून सुनावलं, "ग्रीस म्हंजे भाकरीला तूप न्हवं. जुनं भाईर पडून नवं दिसस्तोवर मारायचं." आता शॅकल पिना (कमानीचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीच्या), स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोकं, शाफ्टचे क्रॉस आणि शाफ्टचा सरकता जोड पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा. अर्धा-पाऊण तास जातो. निपल आधी फडक्यानं पुसायचा, नाहीतर ग्रीसबरोबर वाळूही आपणच आत ढकलतो. मागच्या एका शॅकलचं बुश तोवर गेलंच होतं. दुकानात मिळेना, तर उद्यमनगरातच लेथवर गनमेटलचं करून मिळालं, सकाळी माप आणि संध्याकाळी बुश. कोल्हापुरात जुनी गाडी बाळगण्याचं हे सुख आहे.

गाळप हंगामात दुखणं बदलतं. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागं धूळ आणि रानात पाचट. एअर फिल्टर दर आठवड्याला काढून बघतो. हवा मारायची ती आतून बाहेर, तीही कमी प्रेशरनं. बाहेरून मारली तर धूळ कागदात अजून घट्ट बसते. जानेवारीत भुईबावडा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला. कूलंट बरोबर होतं, पंखा बरोबर होता. रेडिएटरच्या पाकळ्यांत पाचटाचा भुसा ठासून बसला होता, समोरून जाळी स्वच्छ दिसत असल्यानं कळलंच नाही. इंजिनच्या बाजूनं साध्या पाइपानं पाणी सोडलं तेव्हा घमेलंभर निघाला.

एक लाज वाटणारी चूकही लिहून टाकतो. डिसेंबरात रानातून निघताना फोर बाय फोर काढायचा विसरलो आणि तसाच डांबरीवरून कळे गावापर्यंत आलो. स्टिअरिंग जड, वळणावर गाडी अडखळायची. दांडा काढायला गेलो तर निघेना. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत तो फरक चाक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरीवर जायला वाट नसते आणि सगळा ताण शाफ्ट-गिअरमध्ये अडकतो. गाडी सरळ ठेवून थोडी रिव्हर्स घेतली आणि दांडा सुटला. उलट, महिनोन्‌महिने फोर बाय फोर लावलाच नाही तर लिंकेज जाम होतं. म्हणून उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडा वेळ लावतो.

बाकी किरकोळ. डिझेल फिल्टरच्या वाटीतलं पाणी खालचा स्क्रू सैल करून सोडतो. पाण्यातून बाहेर आलं की ब्रेक हलका दाबत थोडं अंतर जातो, म्हणजे ड्रम वाळतात. गाडी धुतल्यावर खालून जळकं ऑइल मारून घेणं मी बंद केलं. गंज लागत नाही म्हणतात, पण रबरी बुश त्यानं फुगतात आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच.

आणि पुराचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की मी रानाकडं जात नाही. बुडालेल्या बंधाऱ्यावर 'फोर बाय फोर हाय की' म्हणत गाडी घालणारे पाहिलेत. बाजूला कठडा नाही आणि पाण्याखाली स्लॅब शिल्लक आहे का तेही दिसत नाही. तिथं चारही चाकं फिरली तरी काय उपयोग?

तक्रारी आहेतच. डावं दार अजून गळतं, रबर दोनदा बदललं. शहरात पार्किंग म्हणजे शिक्षा. मायलेजबद्दल घरी बोलत नाही. ग्रीस लागलेले शर्ट आता बायको वेगळ्या बादलीत टाकते. आणि परवा प्लग सोडून बघितला तर पुढच्या हौसिंगचं ऑइल किंचित फिकट वाटलं, तेव्हा या रविवारी पुन्हा पोतं अंथरायचं आहे.