मुगेन स्टेजच्या पॅलेटसाठी जिंप: फुकट आहे, पण डोळ्यांत तेल घालून वापरावं

मुगेन हे फायटिंग गेम बनवायचं इंजिन. त्यात 256 रंगांच्या स्प्राइटला (खेळात दिसणाऱ्या चित्राच्या तुकड्याला) पारदर्शक रंग एकच, पॅलेटमधला, म्हणजे रंगांच्या क्रमवार यादीतला, 0 नंबरचा. तो हिरवा आहे की काळा, याच्याशी इंजिनला देणंघेणं नाही. ते फक्त नंबर बघतं. स्टेजमधल्या, म्हणजे लढतीच्या पार्श्वभूमीतल्या, खांबाभोवती रंगीत चौकोन दिसणं आणि काळ्या कमानीला भोकं पडणं, दोन्हींचं मूळ इथेच. जिंप (चित्र-संपादनाचा प्रोग्रॅम) हे दुरुस्त करू शकतं, पण त्याच्या मूळ सेटिंगवर विसंबून राहिलात तर फसाल.

सगळ्यात जास्त घोळ रंग कमी करताना होतो. मोकळा भाग आधीच भडक रंगाने भरून इमेज इंडेक्स्ड (ठरावीक नंबरवार रंगांची) केली, तर जिंपने स्वतः बनवलेलं ऑप्टिमम पॅलेट जवळजवळचे रंग एकत्र करताना तो भडक रंगही बिघडवू शकतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. इमेज आरजीबीत असतानाच, म्हणजे इंडेक्स्ड करण्याआधी, लेयर–ट्रान्सपरन्सी–थ्रेशोल्ड अल्फा चालवा (अल्फा म्हणजे पिक्सेलची पारदर्शकता), म्हणजे कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल एकतर पूर्ण राहतील नाहीतर पूर्ण जातील. कडांना झालर दिसते ती याच अर्धवट पिक्सेलांची. मग इंडेक्स्ड करा: रंग 255, डिदरिंग (ठिपके मिसळून मधले रंग भासवणं) बंद. उरलेल्या जागेत कलरमॅप (इमेजचं पॅलेट) डायलॉगमधून चित्रात कुठेच नसलेला रंग जोडा, X दाबून तो बॅकग्राउंडला न्या आणि रिमूव्ह अल्फा चॅनेल द्या. मोकळा भाग नेमका त्याच रंगाने भरतो.

आता कलर्स–मॅप–रीअरेंज कलरमॅप उघडून तो रंग ओढून पहिल्या जागी आणा. जिंप घ्यावं ते या एका सोयीसाठी: पिक्सेलचे नंबर बदलतात, चित्र जसंच्या तसं राहतं. त्याच मेनूतलं सेट कलरमॅप बरोबर उलटं वागतं, नंबर तेच ठेवून रंग बदलतं. दोन्हींत गल्लत झाली की आभाळाला दगडाचा रंग चढतो. अनेक स्प्राइट एकाच पॅलेटवर चालवायचे असतील तर इंडेक्स्ड करताना कस्टम पॅलेट निवडा आणि न वापरलेले रंग काढून टाकण्याच्या पर्यायावरची खूण आवर्जून काढा. ती राहिली तर प्रत्येक स्प्राइटचे नंबर वेगळे होतात.

नावडलेल्या गोष्टीही आहेत. सिलेक्ट बाय कलरचा थ्रेशोल्ड मुळात 15 असतो. तो 0 करा आणि अँटीअलायझिंग बंद करा, नाहीतर शेजारचे रंगही निवडीत येतात. रंग 16 किंवा त्याहून कमी असले तर पीएनजी निर्यात गुपचूप 4 बिट किंवा त्याखाली उतरते. 8 बिटच मागणाऱ्या साधनासाठी कलरमॅपमध्ये फालतू रंग भरून संख्या 16 च्या पुढे न्यावी लागते. हे सरळ विचारून का घेत नाही, कोण जाणे. एसएफएफच्या (मुगेनच्या स्प्राइट फाइलच्या) पहिल्या आवृत्तीसाठी पीसीएक्स हा जुना चित्र-प्रकार लागतो. तिथे अल्फा नसतोच, त्यामुळे वरचा क्रम तिथेही चालतो.

एसप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये पारदर्शक नंबर थेट स्प्राइटच्या प्रॉपर्टीजमध्ये ठरवता येतो, म्हणजे खटाटोप बराच कमी. ते विकत घ्यावं लागतं. दोन-चार स्टेजपुरतं काम असेल तर जिंप पुरे. मुगेन 1.1 पुरतंच स्टेज करायचं असेल तर 32 बिट पीएनजी वापरून पॅलेटची कटकटच टाळता येते.

चित्र बरोबर असूनही चौकोन दिसतच असेल तर डेफ फाइल (स्टेजच्या सेटिंगची मजकूर फाइल) बघा. पुढच्या लेयरला मास्क = 1 (म्हणजे 0 नंबरचा रंग काढायचा नाही) हवं; सगळ्यात मागच्याला 0 चालतं, तिथे 256 ही रंग उमटतात. तपासताना त्याच फाइलच्या बीजीडेफ विभागात डीबगबीजी = 1 ठेवा, म्हणजे जिथे काहीच काढलं जात नाही तिथे मजेंटा दिसेल. म्हणूनच पारदर्शक रंग म्हणून मजेंटा घेऊ नका: मास्क विसरलं आहे की मागच्या लेयरला भगदाड आहे, हे त्या एकाच रंगात ओळखता येत नाही.