बिडाचा तवा की पत्र्याचा? रोज भाकरी होणाऱ्या घरासाठी

नॉनस्टिकचा थर उडाला, आता लोखंडाकडे वळायचं ठरवलंय, पण बिडाचा तवा घ्यावा की पत्र्याचा, असं गेल्या वर्षभरात ओळखीच्या चार-पाच जणांनी विचारलं. दोन्ही मी वापरले आहेत. बिडाचा तीन वर्षं रोज, त्यानंतर आजपर्यंत पत्र्याचा, आणि बिडाचा अजून घरात आहे. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यापेक्षा सविस्तर लिहितो. आमचं घर धुळ्यात, माणसं पाच, शेगडी दोन बर्नरची, सकाळच्या भाकरी बारा. कधी दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, कधी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या. तुमच्याकडे रोज पोळ्याच होत असतील तर उत्तर थोडं बदलेल, हे आधीच सांगून ठेवतो.

नावांचा घोळ आधी मिटवू. दुकानात 'लोखंडी तवा' मागितला की दोन्ही पुढ्यात येतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून साच्यात ओतलेलं. पत्र्याचा तवा म्हणजे पत्रा कापून, दाबून किंवा ठोकून घडवलेला. 'कार्बन स्टील' असं लिहून लांब दांड्याची जी पॅन हल्ली विकतात तीही याच घराण्यातली. नावावरून वाटतं त्याच्या उलट, कार्बन बिडातच जास्त: 2 टक्क्यांच्या वर, बहुधा 3 च्या आसपास. कार्बन स्टीलमध्ये तो 1 टक्क्याच्या आत असतो. बिडातला हा जास्तीचा कार्बन बहुतेक ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला असतो, म्हणून बीड फरशीवर पडलं तर त्याला पोचा येत नाही, ते सरळ तडकतं.

बिडाच्या तव्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ठेचा करायचा असेल तर मी आजही तोच काढतो. हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेलावर परतले, मीठ टाकलं, की तव्यावरच पेल्याच्या बुडाने रगडायचं. त्या वेळी जड तवा जागचा हलत नाही. हलक्या तव्यावर एका हाताने दांडा धरावा लागतो आणि सगळा जोर वाया जातो. धिरडीही बिडावरच छान होतात. पीठ ओतलं की पातळ तवा एकदम निवतो, बीड मात्र साठवलेल्या उष्णतेवर तग धरून असतं, त्यामुळे पहिल्या धिरड्यालाही जाळी पडते.

पण बीड उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं, असं जे सांगितलं जातं, ते माझ्या अनुभवाला उतरलं नाही. एकदा कोरड्या तव्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरवून मोठा गॅस लावला. बर्नरच्या ज्वाळा जिथे लागत होत्या तिथे आधी तपकिरी कडं उमटलं, काठाकडचं पीठ मात्र बराच वेळ पांढरं होतं. कारण साधं आहे. लोखंड कोणतंही घ्या, ॲल्युमिनियम त्याच्या साधारण चौपट वेगाने उष्णता वाहून नेतं. बीड उष्णता धरून ठेवतं, पसरवायला मात्र वेळ घेतं. म्हणून त्याला मंद आचेवर आठ-दहा मिनिटं द्यावी लागतात. सकाळी सातला डबे भरायचे असतात तेव्हा ही दहा मिनिटं जाणवतात. आणि वैशाखात, धुळ्या-जळगावला पारा 44-45 वर असताना, गॅस बंद केल्यावरही अर्धा तास धगधगणारा तवा स्वयंपाकघरात नकोसा होतो.

तरी एवढ्याने मी बीड बाजूला ठेवलं नसतं. निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे, आणि घेण्याआधी त्याबद्दल मला कोणी बोललं नव्हतं.

ज्वारीची भाकरी तव्यावर भाजून झाली की फुगायला जाळावर जाते. चुलीवर त्यासाठी तवा हलवावा लागत नाही. भाकरी उचलून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची आणि तव्यावर लगेच दुसरी टाकायची. गॅसवर ती सोय नाही. दुसऱ्या बर्नरवर वरण किंवा भाजी असतेच. म्हणजे प्रत्येक भाकरीला तवा उचलायचा, ओट्यावर ठेवायचा, भाकरी चिमट्याने जाळावर फिरवायची आणि तवा परत चढवायचा. आमचा बिडाचा तवा 26 सेंटीमीटरचा, वजन अडीच किलो. बारा भाकरी म्हणजे रोज सकाळी तीस किलो उचलणं, तेही मनगटावर. त्याला दांडा नाही, दोन कान आहेत, आणि ते तव्याइतकेच तापतात. दोन्ही हातांत फडकी घ्यायची तर हात पिठाने भरलेले. फडकं जरा ओलं असलं की वाफेचा चटका ठरलेला. उचलण्याऐवजी सरकवून पाहिला, तर शेगडीची जाळीही त्याच्याबरोबर सरकते आणि तवा कलतो.

पहिले काही महिने हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण भाकरी माय करायची. एक दिवस ती एवढंच म्हणाली, "भाऊ, हाऊ तवा जड शे." तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नाही, म्हणून ते वाक्य मनाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून निम्म्या भाकरी मी करायला लागलो आणि आठवड्याभरात माझाही अंगठ्याखालचा भाग दुखायला लागला. तव्यावरच फडक्याने दाबून भाकरी फुगवून पाहिली. पातळ पोळीला ते जमतं. कळण्याची भाकरी जरा जाड असते, तिचा पदर एका बाजूने सुटतो, दुसऱ्या बाजूने नाही, आणि तव्यावर जास्त वेळ राहिल्याने ती वातड होते. आम्ही तीन वर्षं असे वेगवेगळे उपाय करत काढली. तीन बर्नरची शेगडी घेतली असती तर कदाचित हा लेख उलट दिशेने गेला असता, हे मान्य करतो.

पत्र्याचा तवा आला आणि हा प्रश्न पहिल्याच सकाळी संपला. वजन सव्वा किलो, लांब दांडा, एका हातात उचलला जातो. दुसऱ्या हातात चिमटा राहतो. मधल्या अर्ध्या मिनिटात तो थोडा निवतो खरा, पण परत जाळावर गेला की तितक्याच लवकर तापतो. भाकरीला जाळ कमी-जास्त केलेला त्याला लगेच कळतो. बिडावर तिसरी भाकरी करपायला लागली म्हणून गॅस कमी केला तर त्याचा परिणाम पाचव्या भाकरीला दिसायचा.

पत्र्याचे दोषही सांगायला हवेत. मी घेतलेला पहिला पत्र्याचा तवा पातळ होता, दीड मिलीमीटरच्या आसपास. महिन्याभरात मोठ्या आचेवर त्याचं बूड वर फुगलं, आणि तेल टाकलं की ते कडेला पळायचं. आत्ताचा अडीच मिलीमीटरचा आहे, त्याला तसं काही झालेलं नाही. इंडक्शनवर दोन्ही चालतात, पण पत्र्याच्या तव्याला तिथे एकदम मोठ्या आकड्यावर तापवू नये. मध्ये लाल, कडेला गार, अशा ओढाताणीत तो वाकतो.

आता तवा मुरवण्याबद्दल, ज्याला सगळे सीझनिंग म्हणतात. इथे बिडाला सुरुवातीची आघाडी आहे. आजकाल बहुतेक बिडाचे तवे दुकानातूनच तेलाचा थर भाजून येतात, आणि साच्याच्या खडबडीतपणामुळे तो थर धरूनही चांगला राहतो. पत्र्याच्या तव्यावर मात्र गंज लागू नये म्हणून वंगण किंवा मेण लावलेलं असतं. ते आधी पूर्ण काढावं लागतं. गरम पाणी, साबण, तारेची घासणी, आणि पांढरं फडकं फिरवल्यावर काळं लागणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं.

मग तवा कोरडाच तापवायचा. रंग आधी पिवळसर पिंगट होतो, मग जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा. गॅसवर हा निळा रंग मध्येच उमटतो, म्हणून तवा फिरवत राहावं लागतं. मी तो शेतावर नेला आणि पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर तापवला. चूल रुंद, जाळ पसरलेला, त्यामुळे काठापर्यंत एकसारखा रंग आला. जमलं तर हेच करा. त्यानंतर तवा कोमट असताना अर्धा चमचा शेंगदाणा तेल आतून-बाहेरून चोळायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. तवा गडद दिसावा, ओला दिसू नये. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचा. असं तीन-चार वेळा. या उष्णतेत तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून कडक पातळ थर तयार होतो. तेल जास्त राहिलं तर तो नीट घट्ट होत नाही आणि तवा चिकट राहतो. नव्या तव्याला चिकटपणा आला की लोक तव्याला दोष देतात, पण बहुतेक वेळा तेल जास्त झालेलं असतं. बिडाचा थर पुन्हा द्यायचा झाला तर ओव्हनमध्ये पालथा घालून 230 अंशांवर तासभर ठेवणं सगळ्यांत सोपं.

जवसाच्या तेलाची शिफारस तुम्हीही ऐकली असेल. ते लवकर वाळतं आणि थर देखणा येतो हे खरं. मी पाच थर दिले, तवा आरशासारखा झाला. पंधरा दिवसांत धिरडं सोडवताना त्याच थराचे पापुद्रे निघाले. इतरांना ते चांगलं लाभलं असेल. मी मात्र शेंगदाणा तेलावर परतलो.

तुमच्याकडे भाकरी रोज होत असेल तर आणखी एक गोष्ट. भाकरी कोरड्या, कडक तापलेल्या तव्यावर होते, वरून पाण्याचा हात फिरवला जातो, थोडं पाणी तव्यावरही उतरतं. अशा तापात मधला तेलाचा थर जळून जातो. काळा तुळतुळीत तवा चार सकाळींत मध्ये करडा दिसायला लागतो. मी सुरुवातीला दर रविवारी पुन्हा तेल भाजत बसायचो. त्याची काही गरज नव्हती. भाकरी करड्या तव्याला चिकटत नाही. धिरडी किंवा आम्लेट करायचं असेल तेव्हाच मधला थर लागतो, आणि म्हणूनच एकाच तव्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा करू नये असं माझं मत झालं आहे.

रोजची निगा दोघांची सारखीच. भाकरी झाल्या की जळकं पीठ सराट्याने खरवडून कोरड्या फडक्याने पुसायचं, बस. तेलाचं काही केलं असेल तर कोमट पाणी आणि थोडा साबण चालतो. आजच्या भांड्यांच्या साबणाने भाजलेला थर निघत नाही. राखेने घासणं मात्र टाळा, राखेतला क्षार तो थर खातो. आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, ते तव्यावर वाळू दिलं की पांढरे डाग आणि त्याखाली तांबूस गंज. म्हणून धुतल्यावर एक मिनिट गॅसवर ठेवून पाणी उडवायचं, आणि पावसाळ्यात वरून तेलाचं बोट. ठेचा तव्यात ठेवून देऊ नका, मीठ रातोरात गंज आणतं. लिंबू ठेचा काढून घेतल्यावरच पिळायचं. चिंच-टोमॅटोचं काही दोन्हींवर शिजवू नये: थरही जातो आणि चवीला लोखंड लागतं. गंज चढला तरी घाबरण्यासारखं नाही, घासून पुन्हा तेल भाजलं की तवा परत येतो. एक गोष्ट फक्त बिडाची: तापलेला तवा नळाखाली धरायचा नाही. नात्यातल्या एका घरी तसं झालं, टण् असा आवाज आला आणि काठापासून मध्यापर्यंत तडा गेला. पत्र्याचा तवा अशा वेळी फार तर वाकतो, आणि लाकडी हातोडीने बराचसा सरळही करता येतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मांड्यांना यातलं काहीच कामाचं नाही. ते मातीच्या खापरावरच.

ज्यांच्या घरी पोळ्या, धिरडी, डोसे जास्त, तवा एकदा चढवला की शेवटी उतरवायचा, त्यांनी बीड घेतलं तर ते चुकले असं मी म्हणणार नाही. कदाचित ते माझ्यापेक्षा सुखी राहतील. पण भाकरी रोजची असेल, शेगडी दोन बर्नरची असेल आणि करणारे हात साठीच्या पुढचे असतील, तर माझ्या मते पत्र्याचाच घ्या.

घेताना गॅससाठी किंचित खोलगट घ्या, तो सपाटापेक्षा कमी वाकतो. इंडक्शन असेल तर सपाटच लागेल, मग तो दुकानाच्या फरशीवर ठेवून काठावर बोटाने दाबून पाहा. डुगडुगला तर दुसरा मागा. दांड्याचे रिवेट हलत नाहीत ना ते बघा. जाडी कोणी सांगत नसेल तर वजनकाट्यावर ठेवायला सांगा. 26 सेंटीमीटरचा तवा दांड्यासकट किलोच्या आत भरला तर पत्रा पातळ आहे, सोडून द्या. आणि घरात भाकरी जी व्यक्ती करते तिला बरोबर न्या, तिच्याच हातात तवा द्या, आणि एका हाताने बारा वेळा उचलून ठेवायला सांगा.