अलीकडे की पलीकडे: प्लॅटिनमसाठी कुठलं फॉस्फिन घ्यावं?

तलावपाळीच्या कठड्यावर भेळ खाता खाता भाचीने विचारलं, "मामा, साधं ट्रायफिनाइलफॉस्फिन घेऊ की भारवालं?" एमएस्सीचा प्रोजेक्ट, हातात दोन सेमिस्टर, कॉलेजच्या कपाटात जेमतेम एक ग्रॅम पोटॅशियम टेट्राक्लोरोप्लॅटिनेट, म्हणजे प्लॅटिनमचा क्षार. सरांनी दिलेला विषय: लिगँडवरच्या, म्हणजे धातूला जोडलेल्या रेणूवरच्या, विद्युतभाराने प्लॅटिनमच्या कॉम्प्लेक्सची (धातू आणि लिगँड मिळून बनलेल्या संयुगाची) रचना बदलते का? इथे लिगँड म्हणजे फॉस्फिन, फॉस्फरसच्या टोकाने धातूला धरणारा रेणू. त्या संध्याकाळी जे बोललो तेच इथे जरा नीट मांडतो.

आधी एक गैरसमज. प्लॅटिनम दोन, म्हणजे अधिक दोन स्थितीतलं प्लॅटिनम, आपले चार सोबती सपाट चौरसाच्या कोपऱ्यांवर धरतं. भार लावला म्हणून तो चौरस मोडत नाही. प्रश्न एवढाच की चार कोपऱ्यांवरच्या दोन फॉस्फिन आणि दोन क्लोराइडमध्ये कोण कुणाच्या शेजारी बसतो. दोन फॉस्फिन लगतच्या कोपऱ्यांवर असतील तर सिस, समोरासमोर असतील तर ट्रान्स. लॅटिनमध्ये सिस म्हणजे अलीकडे आणि ट्रान्स म्हणजे पलीकडे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने खाडी ओलांडून ऐरोलीला जाणाऱ्यांना हे वेगळं पाठ करायची गरज नाही. प्लॅटिनमची अशी जोडरूपं चौरसामुळेच शक्य होतात, हे वेर्नर यांनी १८९३ मध्येच ओळखलं होतं.

साधं ट्रायफिनाइलफॉस्फिन स्वस्त, हवेत टिकणारं आणि बहुधा सिस देणारं. फॉस्फरससमोर क्लोराइड असलं की प्लॅटिनम-फॉस्फरस बंध घट्ट होतो, म्हणून सिस रूपाला स्थैर्य मिळतं. त्याच्या उलट ओढतो तो आकारमानाचा त्रास. टोलमन यांच्या शंकुकोनात, म्हणजे फॉस्फिनची जाडी मोजायच्या मापात, ट्रायफिनाइलफॉस्फिन १४५ अंशांवर आहे, ट्रायसायक्लोहेक्झिल १७० वर. एवढी जाडी मंडळी शेजारी मावत नाहीत, ती समोरासमोर जातात.

आता भारवाली. ट्रायफिनाइलफॉस्फिनवर ऋणभारित सल्फोनेट गट एक असेल तर टीपीपीएमएस, तीन असतील तर टीपीपीटीएस. पहिलं १९५८ पासून रसायनशास्त्रात आहे. दुसरं १९८४ पासून जर्मनीतल्या ओबरहाउझेनला ऱ्होडियमबरोबर प्रोपीनपासून ब्युटिरॅल्डिहाइड करायला राबतंय, कारण ते लिटरभर पाण्यात किलोभराहून जास्त विरघळतं.

भार काय करतो हे कागदावर सोपं आहे. सिसमध्ये प्लॅटिनम-फॉस्फरस अंतर साधारण २.२५ अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन फॉस्फरसमध्ये ३.२ च्या आसपास. ट्रान्समध्ये तेच ४.६. सजातीय भार एकमेकांना ढकलतात, म्हणजे भार वाढेल तसा कल ट्रान्सकडे जायला हवा. पण सल्फोनेट फॉस्फरसवर नसतो, बेंझिनच्या कड्यावर मेटा जागी असतो. कडं फिरतं, भार तोंड फिरवून बसतो आणि कागदावरचा हिशेब बराच मवाळ होतो. त्यात पाण्याचा परावैद्युतांक (भारांमधली ओढाताण द्रावक किती कमी करतो त्याचं माप) ७८, म्हणजे ढकलाढकल आणखी क्षीण. डायक्लोरोमिथेनचा जेमतेम ९. तिथे ती जोरात व्हायला हवी, पण तिथे सोडियमसारखे विरुद्ध आयन भाराला चिकटून बसतात. म्हणून टीपीपीटीएसवर तीन ऋणभार असूनही त्याचं सिस संयुग बनतं, याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. भार खरोखर चालवायचा असेल तर तो भरपूर लागतो. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला रसायनशास्त्रज्ञ व्हान कोटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका फॉस्फिनवर सहा धनभार बसवले ते असेच.

भार फॉस्फरसला थेट चिकटलेल्या कार्बनी गटावर असेल तर मात्र गोष्टच वेगळी. रसायनशास्त्रज्ञ अल्काराझो यांची धनभारित फॉस्फिनं अशीच: तिथे ढकलण्यापेक्षा फॉस्फरसची इलेक्ट्रॉन देण्याची ताकद कमी होणं महत्त्वाचं. विषय सुंदर आहे, पण दोन सेमिस्टरचा नाही.

मग निवड कशी करायची? भाचीचा पहिला बेत होता ट्रायफिनाइल विरुद्ध टीपीपीटीएस. मी नको म्हटलं. एक डायक्लोरोमिथेनमध्ये, दुसरं पाण्यात. फरक दिसला तर श्रेय भाराला द्यायचं की द्रावकाला? शिवाय टीपीपीटीएस अंगानेही जाड. टीपीपीएमएस आणि टीपीपीटीएस दोन्ही पाण्यात घेतली तर द्रावक तेच राहतं आणि कॉम्प्लेक्सवरचा एकूण भार वजा दोनवरून वजा सहावर जातो. जाडीचा फरक उरतोच, म्हणून तिसरी पायरी: तेच द्रावण, त्यात सोडियम नायट्रेट वाढवत न्यायचं. मिठाने भार झाकला जातो, जाडी नाही. सिस-ट्रान्सचं प्रमाण मिठाबरोबर हललं तरच भाराचं नाव घ्यायचं. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, टाकायचं नाही. ते क्लोराइडच्या समतोलातच लुडबूड करतं.

मोजणी फॉस्फरस एनएमआरवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फॉस्फरसच्या रेषा दाखवणाऱ्या यंत्रावर. प्लॅटिनमच्या अणूंमध्ये प्लॅटिनम-१९५ हा समस्थानिक साधारण ३४ टक्के, म्हणून मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना उपरेषा, साधारण एकास चारास एक. त्यांच्यातलं अंतर ३६०० हर्ट्झच्या आसपास असेल तर सिस, २६०० च्या आसपास असेल तर ट्रान्स. इथे ट्रायफिनाइलफॉस्फिन कामाला येतं: आधी त्याच्यावर हात बसवून घ्यायचा. पाण्यात एक जास्तीची भानगड आहे. क्लोराइड निघून तिसरं फॉस्फिन आत शिरतं, मग दोनास एक प्रमाणात डब्लेट (दुहेरी रेषा) आणि ट्रिप्लेट (तिहेरी रेषा) दिसतात. त्याला मिश्रण समजून बसू नये. एक भाग प्लॅटिनमला फॉस्फिन मोजून दोनच भाग घ्यायचं.

माझी स्वतःची एक चूक: तुर्भ्याच्या लॅबमध्ये असताना पाण्यातून नायट्रोजन न सोडताच टीपीपीटीएस विरघळवलं. एनएमआरमध्ये वजा पाच पीपीएमवरची त्याची रेषा गेली आणि ३४ च्या आसपास ऑक्साइड उगवलं. त्या दिवशी प्लॅटिनम घातलं नव्हतं, म्हणून निभावलं.

स्फटिक हवेच असतील, बंधांची लांबी एक्स-रेने मोजायची असेल, तर भारवाल्यांच्या नादी लागू नका. त्यांचे सोडियम क्षार पाणी धरून बसतात आणि धड स्फटिक देत नाहीत. त्या कामाला ट्रायफिनाइलच.

भाचीने टीपीपीएमएस-टीपीपीटीएस ही जोडी निवडली. भेळेचा कागद चुरगळत तिने विचारलं, "फरक दिसलाच नाही तर?" मी म्हटलं, मिठाचा आलेख सपाट आला तर तसाच छाप, पण तापमान लिहायला विसरू नको.